मोतिहारीत जन्मले, सरकारी नजरेचं भय जगाला दाखवून गेले : जॉर्ज ऑर्वेल

मोतिहारी म्हटलं की आपल्याला गांधीजी आणि चंपारणचा सत्याग्रह आठवतो. बिहारमधल्या याच गावात २५ जून १९०३ रोजी एरिक आर्थर ब्लेअर यांचा जन्म झाला. जग त्यांना जॉर्ज ऑर्वेल या टोपणनावाने ओळखतं. वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. शेतकऱ्याने अफू पिकवायची, ती सरकारनेच ठरवलेल्या भावात घ्यायची, असा त्या खात्याचा कारभार. एरिक लहानगा असतानाच आई त्याला घेऊन इंग्लंडला गेली.

ईटनसारख्या बड्या शाळेत शिष्यवृत्तीवर शिकूनही ते पुढे विद्यापीठात गेले नाहीत. १९२२ मध्ये ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी झाले. पाच वर्षं दंडुका त्यांच्याच हातात होता. मग वीट आला आणि नोकरी सोडली. लंडन-पॅरिसमध्ये भांडी घासली, भिकाऱ्यांत राहिले, लिहीत राहिले. पुढे खेड्यात छोटं दुकान चालवलं, शेळ्या-कोंबड्या पाळल्या.

त्यांना खरं घडवलं ते मात्र स्पेनने, असं मला वाटतं. १९३६ च्या अखेरीस ते फ्रँकोच्या फौजेविरुद्ध लढायला तिथं गेले आणि एका छोट्या डाव्या पक्षाच्या पथकात भरती झाले. मे १९३७ मध्ये गोळी गळ्यातून आरपार गेली, तरी वाचले. पण मॉस्कोच्या तालावर नाचणाऱ्या कम्युनिस्टांनी त्यांच्याच पक्षाला फितूर ठरवलं. काल खांद्याला खांदा लावून लढलेले आज तुरुंगात! ऑर्वेल आणि पत्नी आयलीन कसेबसे सीमा ओलांडून फ्रान्सला निसटले. वर्तमानपत्रं पाहावीत तर घडलेलं गायब आणि न घडलेलं छापलेलं. ही गोष्ट त्यांच्या मनातून कधीच गेली नाही.

दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते ४३ ते बीबीसीवरून भारतासाठीचे कार्यक्रम करत. ‘ॲनिमल फार्म’ लिहून झाली तेव्हा रशिया इंग्लंडचा दोस्त, त्यामुळे बरेच प्रकाशक मागे सरले. १९४५ च्या ऑगस्टमध्ये ती एकदाची छापली गेली. तोवर आयलीन ऑपरेशनच्या टेबलावरच गेल्या होत्या. पदरात दत्तक घेतलेलं तान्हं पोर.

त्याला घेऊन ऑर्वेल स्कॉटलंडच्या जुरा बेटावर गेले. गावापासून लांब घर, आणि छातीत क्षय. अमेरिकेहून स्ट्रेप्टोमायसिन मागवलं, पण अंगाला मानवलं नाही. त्याच अवस्थेत ‘१९८४’ पुरी केली. टायपिस्ट तिथवर यायला तयार नव्हता, म्हणून आजाऱ्यानेच १९४८ च्या शेवटी सगळी प्रत टाईप केली.

या कादंबरीतला विन्स्टन सत्य मंत्रालयात नोकरी करतो. काम काय, तर जुन्या पेपरांतला मजकूर सरकारच्या सोयीने बदलायचा. भिंतीवरचा पडदा बातम्या दाखवतो आणि माणसावर पाळतही ठेवतो. पोरगी बापाला पकडून देते. चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरून २० वर येतं आणि लगेच, वाढवून २० केलं म्हणून आभाराच्या मिरवणुका निघतात! मारहाणीच्या प्रसंगांपेक्षा मला तरी हा रेशनचा प्रसंग जास्त हादरवतो. कालचं आठवणारा माणूसच तिथं गुन्हेगार.

कादंबरी ८ जून १९४९ रोजी प्रकाशित झाली. त्याच्या थोडं आधी, दवाखान्यात असताना, ऑर्वेल यांनी ब्रिटिश सरकारच्या एका प्रचार खात्याला कम्युनिस्टधार्जिण्या वाटणाऱ्या लोकांची यादी दिली होती. ही गोष्ट खटकते, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. त्यांचे चाहते आजही यावर भांडतात.

२१ जानेवारी १९५० रोजी लंडनच्या रुग्णालयात ते गेले. वय अवघं ४६. सटन कोर्टनी या खेड्यात त्यांची कबर आहे. दगडावर एरिक आर्थर ब्लेअर एवढंच नाव आणि तारखा आहेत. जॉर्ज ऑर्वेल हे नाव कुठंच नाही.