गणवेशावरचे वज्र : सावित्रीबाई खानोलकर

गणेशोत्सवातल्या मुलांच्या वेशभूषा स्पर्धेत शिवाजी महाराज, अहिल्यामाता आणि लोकमान्य कधी चुकत नाहीत. अलीकडे त्यांच्या रांगेत वायुसेनेचा एखादा तरी वैमानिक उभा असतोच. आईवडील हौशीने निळा शर्ट शिवून घेतात, डोळ्यांवर काळा चष्मा, खांद्यावर पट्ट्या, आणि छातीवर सोनेरी कागदाची पदके. पदकांच्या रिबिनी बहुधा राखीच्या सामानातून उरलेल्या असतात. रंग हाताला लागेल तो, बाजू सुचेल ती. लेकराचे कौतुक करावे आणि टाळ्या वाजवाव्यात, त्यात खोट काढण्याचे कारण नाही. पण ती पदके प्रथम कोणी रेखाटली, हे आपल्या मंडळींत फार थोड्यांना ठाऊक असते, आणि ती बाई आडनावाने आपल्यातलीच, म्हणून यंदा स्मरणिकेसाठी आम्ही हा विषय घेतला.

इंदूरकरांना लष्करी गणवेश नवा नाही. महूची छावणी इथून वीस-बावीस किलोमीटरवर आहे. पोशाखाच्या रुबाबाकडे आपण सगळेच बघतो, पण त्यावर लिहिलेले वाचता येणारे कमी. सैनिकाची छाती हे एक पान असते. स्वतः मिळवलेली पदके डाव्या बाजूला लागतात. हुतात्म्याचे पदक त्याची पत्नी, आई किंवा मूल लावते तेव्हा ते उजव्या बाजूला असते. म्हणजे नुसती बाजू बदलली की अर्थ पार बदलतो. रोजच्या गणवेशावर पदके नसतात, त्यांच्या रिबिनींचे छोटे तुकडे एका ओळीत असतात. अख्खी पदके समारंभाला, आणि रात्रीच्या मेसमधल्या खान्याच्या पोशाखावर त्यांच्या लहान प्रतिकृती. वैमानिक विमानात चढताना जो ओव्हरऑल घालतो, त्यावर मात्र यातले काहीच नसते. ज्या कपड्यांत पराक्रम होतो ते कपडे कोरेच राहतात.

आपल्या वायुसेनेचा पोशाख ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सवरून बेतलेला. ते दल १९१८ साली उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी त्याने खाकी सोडून निळसर राखाडी रंग घेतला. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय वायुसेनेची स्थापना झाली, तेव्हा तोच रंग आणि हुद्द्यासाठी बाहीवरचे तेच पट्टे आपल्याकडे आले. १९४५ मध्ये नावाला रॉयल हा शब्द जोडला गेला. २६ जानेवारी १९५० ला तो गळाला आणि टोपीवरच्या मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. कापड तेच राहिले, शिवण तीच राहिली. प्रश्न होता छातीचा. तोवर शौर्याची खूण म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस. आपल्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर तो मिळवला होता, आणि त्याचा मान कमी लेखण्याचे कारण नाही. पण स्वतंत्र देशाच्या जवानाच्या छातीवर परक्या राणीचे नाव किती दिवस ठेवायचे? काश्मीरची लढाई चालू होती, माणसे पडत होती, आणि त्यांना द्यायला आपले म्हणून काही नव्हते.

हे काम आले मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे. ते सैन्याचे पहिले भारतीय अ‍ॅडज्युटंट जनरल. त्यांनी ते सोपवले एका सहकारी अधिकाऱ्याच्या पत्नीवर. आम्ही स्वतः सरकारी नोकर आहोत. एका साध्या फलकाचा नमुना मंजूर व्हायला कागद किती टेबलांवरून फिरतो ते रोज बघतो. त्यामुळे अटलसाहेबांनी योग्य माणूस हेरून सरळ त्याच्या हाती काम दिले, याचे आम्हाला विशेष वाटते.

या बाईंचे माहेरचे नाव इव्ह इव्हॉन माडे डी मारोस. जन्म २० जुलै १९१३, स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल गावी. वडील हंगेरियन, जिनेव्हात समाजशास्त्राचे प्राध्यापक. आई रशियन, ती इव्हच्या लहानपणीच गेली. वडिलांच्या पुस्तकांच्या सहवासात ही मुलगी वाढली आणि त्या वाचनातूनच तिला हिंदुस्थानची ओढ लागली.

१९२९ साली आल्प्सच्या बर्फात सुटी घालवताना तिची भेट विक्रम रामजी खानोलकर या तरुणाशी झाली. विक्रम मराठी, इंग्लंडमध्ये सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात शिकत होते. ती तेव्हा सोळा वर्षांची. पत्ते दिले-घेतले गेले आणि पुढे पत्रव्यवहार सुरू राहिला. विक्रम शिक्षण संपवून परतले आणि शीख पलटणीत अधिकारी झाले. इव्हने त्यांच्याशीच लग्न करायचे ठरवले. वडिलांना ते पसंत नव्हते. कोणत्या बापाला असते? एकोणीस वर्षांची मुलगी सातासमुद्रापार, परक्या धर्मात आणि परक्या राज्यात जायला निघाली होती. पण ती आली. १९३२ साली लखनौला लग्न झाले आणि इव्हची सावित्री झाली.

नाव बदलणे सोपे असते. आपल्याकडे लग्नात तांदळात नवे नाव लिहिण्याची चाल होती आणि पुष्कळ घरांत ते ताम्हनातच राहून जाई. सावित्रीबाईंनी ते नाव अंगी बाणवले. छावणीतल्या गोऱ्या मडमांच्या घोळक्यात रमणे त्यांना अगदी सहज जमले असते, कातडीचा रंग आडवा येणार नव्हता. त्यांनी साडी नेसली, शाकाहार पत्करला, मराठी, हिंदी आणि संस्कृत शिकल्या. पतीच्या बदल्यांबरोबर त्यांची बिऱ्हाडे फिरत राहिली. त्या फिरतीतच पाटणा विद्यापीठात त्यांनी संस्कृत नाटक, वेदान्त आणि उपनिषदे यांचा अभ्यास केला. रामकृष्ण मिशनच्या स्वामींकडे त्यांचे जाणे-येणे होते. उदय शंकर यांच्याकडे नृत्य शिकल्या. पुढे महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केले. संस्कृत नावांचा एक कोशही त्यांच्या नावावर आहे.

इथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. आपण इंदूरकर मराठी मंडळी सात-आठ पिढ्यांपासून माळव्यात आहोत. घरात मराठी टिकावी म्हणून धडपडतो, आणि मुले उत्तर हिंदीत देतात. अशा वेळी आपण आपल्याच मनाची समजूत घालतो की परमुलखात हे असेच व्हायचे. सावित्रीबाईंच्या बाबतीत सगळाच मुलूख परका होता. विशीच्या उंबरठ्यावर त्यांनी ही भाषा आणि पाठोपाठ तिच्यामागचे संतवाङ्मय कवटाळले. अटलसाहेबांना पदकासाठी चिन्ह हवे होते तेव्हा त्यांना छावणीतल्या सगळ्या जन्माने हिंदू असलेल्या कुटुंबांतून हीच बाई आठवली, कारण पुराणे तिने वाचली होती. बाकीच्यांनी ती फक्त ऐकली होती.

सावित्रीबाईंनी निवडली ती दधीची ऋषींची कथा. वृत्रासुर कोणत्याही शस्त्राने मरेना, तेव्हा देव दधीचींकडे गेले. ऋषींनी देह ठेवला, त्यांच्या अस्थींपासून इंद्राचे वज्र घडले आणि वृत्र मारला गेला. सैनिकाच्या बलिदानाला यापेक्षा नेमके चिन्ह सापडणे कठीण. वाघ, सिंह, तलवारी, मशाली असे डोळ्यांत भरणारे पर्याय हाताशी असताना हाडांच्या शस्त्रापाशी जाऊन थांबणे, यात त्या बाईंच्या अभ्यासाची खोली दिसते.

परमवीर चक्र दिसायला अगदी साधे आहे. काशाचे गोल पदक, व्यास सुमारे साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे जुन्या चांदीच्या रुपयापेक्षा जरासे मोठे. मध्ये अशोकस्तंभाची राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रे. मागच्या बाजूला हिंदीत आणि इंग्रजीत नाव, मध्ये दोन कमळे. रिबिन साधी जांभळी, त्यावर एकही रेघ नाही. देशातले सर्वोच्च पदक ना सोन्याचे, ना चांदीचे. महावीर चक्र आणि वीर चक्र चांदीची असतात. महावीर चक्राची रिबिन अर्धी पांढरी, अर्धी केशरी. वीर चक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. रणांगणाबाहेरच्या शौर्यासाठी पुढे १९५२ साली अशोक चक्र आले, त्याची हिरवी रिबिन मधल्या केशरी रेघेने दुभागलेली. ही पदकेही सावित्रीबाईंच्याच रेखाटनाची मानली जातात. परमवीर, महावीर आणि वीर ही तीन चक्रे २६ जानेवारी १९५० रोजी जाहीर झाली, मात्र ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. त्यामुळे काश्मीरमध्ये लढलेल्यांना ती मिळू शकली.

मग जे झाले ते कथेत घातले असते तर आम्हीच ओढून-ताणून म्हटले असते. पहिले परमवीर चक्र मिळाले मेजर सोमनाथ शर्मा यांना, ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगाम येथे धारातीर्थी पडल्याबद्दल. सावित्रीबाईंची थोरली लेक कुमुदिनी याच शर्मांच्या घरात दिली होती. सोमनाथ तिचे दीर. आपल्या हाताने काढलेल्या चित्राचे पहिले पदक आपल्याच व्याह्यांच्या घरी, मृत मुलाच्या नावाने जाताना पाहणे त्या बाईंना कसे वाटले असेल, याचा अंदाज करणेही अवघड आहे. त्याच युद्धातले दुसरे एक मानकरी राम राघोबा राणे, कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे काढत त्यांनी रणगाड्यांना रस्ता करून दिला. ते जिवंत परतले आणि ते जांभळे पदक स्वतःच्या छातीवर लावू शकले.

निळ्या गणवेशाकडे वळायचे तर, महावीर चक्र मिळवणाऱ्यांत एअर कमोडोर मेहर सिंग होते. मे १९४८ मध्ये त्यांनी लेहच्या साडेअकरा हजार फुटांवरच्या वाळूत डकोटा विमान उतरवले. डकोटा दाबयुक्त नव्हते. हिमालय ओलांडताना बाहेरची विरळ हवा आणि थंडी थेट आत येई, आणि त्या काळी वैमानिकाचा आधार म्हणजे अंगावरचे लोकरी, कातडी कपडे. त्याच युद्धातले आणखी एक महावीर चक्र आपल्या हृषिकेश मुळगावकरांना मिळाले. पुढे १९७६ ते १९७८ ते वायुसेनाप्रमुख होते. ३ फेब्रुवारी १९५२ रोजी लखनौहून दिल्लीकडे निघालेल्या डेव्हॉन विमानाला हवेत आग लागली. फ्लाइट लेफ्टनंट सुहास बिस्वास यांनी ते शेतात उतरवले आणि सगळे वाचले. त्या विमानात सैन्याचे अनेक वरिष्ठ अधिकारी होते, त्यांत श्रीनागेश आणि थोरात ही दोन आपली माणसे. बिस्वास वायुसेनेतले पहिले अशोक चक्राचे मानकरी ठरले.

त्याच वर्षी, १९५२ मध्ये, मेजर जनरल विक्रम खानोलकर निवर्तले. ज्याच्यासाठी घर, देश आणि नाव सोडले तो माणूस वीस वर्षांच्या संसारानंतर गेला. परतीचा रस्ता मोकळा होता. सावित्रीबाई गेल्या नाहीत. फाळणीत उखडलेल्या आणि सैनिकांच्या कुटुंबांसाठी त्या आधीपासून काम करीत होत्या, ते चालू ठेवले. पुढे मन अध्यात्माकडे झुकले आणि रामकृष्ण मठाचा आश्रय घेतला.

१४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या तळावर शत्रूची सहा सेबर विमाने चालून आली. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांनी बॉम्ब पडत असताना आपले छोटे नॅट उडवले, एकट्याने झुंज दिली आणि तिथेच ते कामी आले. आजवर एकवीस जणांना परमवीर चक्र मिळाले आहे, वायुसेनेतले ते एकटे. सावित्रीबाई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या.

२६ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची पदके ज्या निळ्या गणवेशावर चढत होती, तो वैमानिक म्हणून घालणारी एकही स्त्री तोवर आपल्या वायुसेनेत नव्हती. पहिल्या महिला वैमानिक आल्या त्या १९९४ साली.