एका बाटलीचा बळी

परळला आचार्य दोंदे मार्गावरून जाताना हाफकिन इन्स्टिट्यूटचे फाटक दिसले, की मला आजी आठवते. प्लेगच्या साथीत तिच्या माहेरची माणसे घरे सोडून शेतातल्या झोपड्यांत राहायला गेली होती. ती हकीकत ती रंगवून सांगे. पण हाफकिन हा एक माणूस होता, हे मला बरीच वर्षे ठाऊक नव्हते. ते लसीचेच नाव असावे, असे मी समजत होतो.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसात झाला. ज्यू असल्यामुळे रशियात त्यांना प्राध्यापकी मिळेना. ते पॅरिसला गेले आणि पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आरंभी ग्रंथपाल म्हणून राहिले. तेथे त्यांनी पटकीची लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते हिंदुस्थानात आले.

लस टोचणे सोपे. तिचा गुण आला, हे सिद्ध करणे अवघड. एखाद्या वस्तीचे पाणीच स्वच्छ असेल, तर तिथली माणसे लसीवाचूनही वाचतील. म्हणून १८९४ मध्ये कलकत्त्याच्या झोपडवस्त्यांत हाफकिन यांनी एकत्र राहणाऱ्या, तेच पाणी पिणाऱ्या माणसांची तुलना केली. काहींनी टोचून घेतले होते, काहींनी नाही. काट्टल बागान वस्तीत पुढे पटकी आली, ती न टोचलेल्यांनाच.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी नवी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. राजी असलेल्या कैद्यांनाच त्यांनी लस दिली. न टोचलेल्यांत पुढे १२ जणांना प्लेग झाला, ६ दगावले. टोचलेल्यांत दोघे आजारी पडले, मेला एकही नाही. सरकारी सक्तीने लोक चिडले होते, त्या काळात आगाखानांनी आपला बंगला या कामाला दिला आणि चारचौघांत स्वतः लस घेतली.

मग १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच दिवशी १०७ जणांना लस दिली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने गेले. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन निलंबित झाले.

वास्तविक त्यांचीच रीत इथे लावायला हवी होती. ते १९ जण एकाच बाटलीतले. त्या दिवशीच्या इतर बाटल्यांतले ८८ जण सुखरूप. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. दोष परळहून आला असता, तर बाटली उघडताच घाण वास सुटला असता. तो आला नव्हता. तरीही जगाला हे पटवायला १९०७ साल उजाडले. रोनाल्ड रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहिले, तेव्हा कुठे कलंक पुसला. हाफकिन कलकत्त्याला परतले; परळची प्रयोगशाळा मात्र पुन्हा त्यांच्या हाती आली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये लोझानला ते वारले.

२०२१ मध्ये करोनाची लस घेताना मी परिचारिकेच्या हातातल्या बाटलीकडे टक लावून पाहत होतो. तिने झाकण पुसले, नवी सुई काढली. एवढेच. मुल्कोवालला एवढेच राहून गेले होते.