चूक सुधारणाऱ्या यंत्रांचे जनक : रिचर्ड हॅमिंग

बँकांचे व्यवहार, रेल्वेची आरक्षणे, रुग्णालयांच्या नोंदी सांभाळणारे सर्व्हर अहोरात्र चालू असतात. त्यांच्या स्मृतीतील एखादा बिट वैश्विक किरणांच्या आघाताने वा विद्युत दोषाने उलटला, तरी काम न थांबता ती चूक दुरुस्त होते. या व्यवस्थेचा पाया अमेरिकी गणितज्ञ रिचर्ड वेस्ली हॅमिंग यांनी घातला.

हॅमिंग यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९१५ रोजी शिकागो येथे झाला. शिकागो व नेब्रास्का विद्यापीठांत शिक्षण घेतल्यानंतर १९४२ मध्ये त्यांनी इलिनॉय विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. १९४५ मध्ये लॉस अलामॉस येथील अणुबॉम्ब प्रकल्पात गणकयंत्रांचे काम त्यांनी सांभाळले. पुढच्याच वर्षी ते बेल प्रयोगशाळेत दाखल झाले.

तेथील रिलेवर चालणारे गणकयंत्र त्यांना शनिवार-रविवारीच मिळत असे. देखरेखीस कोणी नसताना चूक आढळली, की यंत्र ते गणित सोडून पुढचे हाती घेई. लागोपाठ दोन आठवडे हॅमिंग यांचे सारे काम असे वाया गेले. चूक झाल्याचे यंत्राला कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये, या प्रश्नाने त्यांना पछाडले.

जादा चिन्हे जोडून चूक ओळखण्याची पद्धत तोवर रूढ होती. मात्र चुकीचे ठिकाण त्यातून समजत नसे. हॅमिंग यांनी माहितीच्या चार बिट्सना तीन तपासणी बिट्सची जोड दिली. प्रत्येक तपासणी बिट वेगळ्या गटावर लक्ष ठेवतो. तीन तपासण्यांच्या निकालांचे आठ प्रकार संभवतात. एक, सारे बिनचूक असल्याचा. उरलेले सात, सातांपैकी एकेका जागेकडे बोट दाखवणारे. बिट ० किंवा १ एवढाच असल्याने चुकीची जागा कळताच तो उलटवला, की दुरुस्ती पूर्ण होते.

क्लॉड शॅनन यांच्या १९४८ मधील प्रसिद्ध शोधनिबंधात या पद्धतीचा उल्लेख आला. हॅमिंग यांचा स्वतःचा निबंध एप्रिल १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. आयबीएमच्या १९६१ मधील स्ट्रेच संगणकात ६४ बिट्सच्या माहितीसोबत आठ तपासणी बिट्स होते. हेच प्रमाण पुढे सर्व्हरच्या स्मृतीत रुळले. एक चूक सुधारते, दोन झाल्यास निदान इशारा मिळतो. दुरुस्त्यांची नोंदही ठेवली जाते. ती वाढू लागली, की दुबळा झालेला स्मृतिसंच निकामी होण्यापूर्वीच बदलता येतो. विश्वासार्हता, अखंड उपलब्धता आणि दुरुस्तीची सुलभता ही सर्व्हरची तिन्ही वैशिष्ट्ये येथे एकत्र येतात.

१९६८ मध्ये हॅमिंग यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार लाभला. १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळा सोडून ते कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात अध्यापन करू लागले. वयाच्या ८२ व्या वर्षी, ७ जानेवारी १९९८ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. यंत्र चुकणारच हे गृहीत धरूनही त्यावर विसंबता येते, हा विश्वास हॅमिंग यांनी संगणकयुगाला दिला.