गरमीवर तापाचा उतारा

लहानपणी येरमाळ्याला मला हिवताप आला, की आजी अंगावर घोंगडी टाकायची. अंग तव्यासारखं तापलं तरी ती घाबरत नसे. ताप आतली घाण जाळतो, अशी तिची येडेश्वरीइतकीच पक्की श्रद्धा. पुढे युलियुस वाग्नर-याउरेग या डॉक्टरची कहाणी वाचनात आली, तेव्हा पहिली आठवण झाली ती आजीची.

हा गृहस्थ १८५७ साली ऑस्ट्रियातल्या वेल्स गावी जन्मला. व्हायचं होतं शरीराचा डॉक्टर. जागा मिळाली नाही म्हणून मनोरुग्णांकडे वळला. तिथं एक वेडी बाई विसर्प होऊन तापानं फणफणली आणि ताप उतरल्यावर शहाण्यासारखी वागू लागली. ते त्याच्या डोक्यातून जाईना. १८८७ साली त्यानं लिहून टाकलं, की मुद्दाम ताप आणून वेड घालवता येईल का, हे पाहावं.

त्या काळी वेड्यांची इस्पितळं उपदंशाच्या रोग्यांनी भरलेली असत. (आपल्याकडे याच रोगाला गरमी म्हणत, हा योगायोग पाहा!) हा रोग वर्षानुवर्षे अंगात दबा धरून बसे आणि शेवटी मेंदूत शिरे. वाचा अडखळे, भ्रम होई, आणि काही वर्षांत माणूस संपे. औषध असं नव्हतंच. वाग्नर-याउरेगनं कॉखचं ट्युबरक्युलिन टोचून पाहिलं. गुण आला, पण पुरेसा नाही.

जून १९१७ मध्ये हिवतापाचा एक सैनिक त्याच्या इस्पितळात आला. त्याचं रक्त यानं उपदंशाच्या रोग्यांना टोचलं. हिवतापच का? तर तो क्विनाइननं आवरता येतो. सात ते बारा वेळा हुडहुडी भरू द्यायची, मग क्विनाइन. पहिल्या नऊ जणांपैकी सहा सुधारले, पण त्यांतल्या काहींचं दुखणं पुन्हा उलटलं. पुढे एकदा चुकून घातक जातीचा हिवताप टोचला गेला आणि रोगी दगावले. आजच्या अर्थानं संमती विचारण्याची रीत तेव्हा नव्हती. ते मला आजही खुपतं.

१९२७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. हिवतापाचं कोडं सुटलं होतं ते १८९७ साली, सिकंदराबादेत. आपलं येरमाळंही तेव्हा त्याच निजामी मुलखात होतं. वाग्नर-याउरेग १९४० साली गेला. पुढच्या काही वर्षांतच पेनिसिलिन आलं आणि त्याची रीत मागे पडली.

आजीचं म्हणाल, तर घाम फुटला की ती घोंगडी काढायची आणि दवाखान्यातली कडू गोळी पुढे करायची.