मॅथ्यू बोल्टन

वाफेच्या यंत्राचे नाव निघताच आमचे बालवाचक जेम्स वॉटचे नाव सांगतील. किटलीच्या झाकणाची गोष्टही त्यांस तोंडपाठ असेल. परंतु ज्याच्या द्रव्यावाचून व धीरावाचून वॉटची कल्पना कागदावरच राहिली असती, त्या मॅथ्यू बोल्टनची ओळख आपल्याकडे फारशी कोणास नाही. म्हणून त्याचे चरित्र येथे थोडक्यात देण्याचे आम्ही योजिले आहे.

बोल्टनचा जन्म इ. स. १७२८ मध्ये इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी झाला. वडील बटणे, बकले असल्या धातूच्या बारीकसारीक जिनसा करीत. १७५९ मध्ये ते वारल्यावर सारा कारभार मुलाच्या हाती आला. पत्नीच्या माहेरची पुष्कळ मालमत्ताही त्यास मिळाली होती, व तिच्यावर स्वस्थ बसून खाणे त्यास सहज शक्य होते. ते सोडून त्याने शहराबाहेर सोहो येथील ओसाड माळावर मोठा कारखाना उभारला आणि नाना प्रकारचे कारागीर एका जागी आणले. कामगार आजारी पडल्यास साहाय्य मिळावे म्हणून तेथे एक निधीही ठेविला होता. मात्र कारखान्याचे चक्र ज्या ओढ्यावर फिरे, त्याचे पाणी उन्हाळ्यात पुरत नसे; तेव्हा घोडे जुंपून काम चालवावे लागे व खर्च फार येई. बोल्टनचे लक्ष वाफेकडे वळले ते ह्या अडचणीमुळे.

वाफेचे यंत्र तेव्हा अगदी नवे नव्हते. न्यूकोमेनची यंत्रे खाणींतील पाणी उपसतच होती. परंतु त्यांचे नळकांडे दर खेपेस तापवून पुन्हा थंड करावे लागत असल्यामुळे कोळसा अतोनात जळे. वाफ निराळ्या भांड्यात थंड करावी, ही युक्ती वॉटला १७६५ मध्ये सुचली, पण ती सिद्धीस नेण्यास त्याच्यापाशी पैसा नव्हता. डॉक्टर रोबक नावाच्या कारखानदाराने त्याचे कर्ज फेडून शोधात दोन तृतीयांश हिस्सा घेतला, व १७६९ मध्ये पेटंट झाले. रोबक बोल्टनला केवळ तीन परगण्यांपुरता हक्क देऊ लागला. बोल्टनने तो नाकारला. सर्व जगास यंत्रे पुरवावयाची असतील तरच हा उद्योग करण्यात अर्थ आहे, असे त्याचे मत होते.

१७७३ मध्ये रोबकचे दिवाळे वाजले. बोल्टनचे त्याच्याकडे सुमारे १२०० पौंड येणे होते. इतर सावकारांनी यंत्राच्या हिश्शास कवडीचीही किंमत दिली नाही. बोल्टनने कर्जाच्या बदली तोच मागून घेतला! नीट चालणारे एकही यंत्र तेव्हा तयार नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या सौद्यातील धाडस कळेल.

पुढच्याच वर्षी वॉट बर्मिंगहॅमला आला. पेटंटची थोडीच वर्षे उरली होती. तेव्हा पार्लमेंटकडून १७७५ मध्ये कायदा करवून ती मुदत १८०० पर्यंत वाढवून घेण्यात आली. अचूक नळकांडे कोणास कातता येत नव्हते, ती अडचण जॉन विल्किन्सनच्या नव्या यंत्राने दूर केली, आणि १७७६ मध्ये पहिली दोन यंत्रे चालू झाली.

विक्रीची रीत मोठी चतुराईची होती. जुन्या यंत्राच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किंमतीचा एक तृतीयांश भाग खाणवाल्याने दरसाल द्यावा, असा करार असे. यंत्राच्या खेपा मोजणारे उपकरण कुलूपबंद पेटीत ठेवीत. कॉर्नवॉलच्या तांब्याच्या खाणींस कोळसा समुद्रमार्गे वेल्सहून आणावा लागे. त्यामुळे तेथे गिऱ्हाइके पुष्कळ मिळाली.

तथापि नफा दिसण्यास दहाएक वर्षे लागली. तोपर्यंत बोल्टनने वडिलार्जित व पत्नीकडील जमिनी विकल्या, पेढ्यांकडून कर्जे काढली. बटणांचा जुना धंदाही तोट्यात होता. वॉट स्वभावाने चिंतातुर, डोकेदुखीने बेजार, वारंवार निराश होणारा. त्याला सावरण्याचे कामही बोल्टनकडेच असे. चक्र फिरविणारे यंत्र करण्याचा आग्रह त्यानेच धरला, व त्यामुळे वाफ खाणींतून निघून गिरण्यांत शिरली.

त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इतर संशोधकांच्या सुधारणा ह्या पेटंटाने अडवून धरल्या. खाणवाले हप्ते देईनासे झाले, तेव्हा कोर्टकज्जे होऊन १७९९ मध्ये निकाल बोल्टन व वॉट ह्यांच्या बाजूने लागला. कायदा त्यांच्याकडे होता. परंतु खाणवाल्यांची तक्रार अगदीच निराधार होती, असे आम्हांस म्हणवत नाही.

उतारवयात बोल्टनने वाफेवर चालणारी टांकसाळ काढली. १७९१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीसाठी मुंबई इलाख्याचे तांब्याचे पैसे तेथेच पाडले गेले. त्यांवर तराजू व न्याय ह्या अर्थाचा शब्द होता. १८०० मध्ये भागीदारी संपून कारभार दोघांच्या मुलांकडे गेला. वॉटने विश्रांती घेतली. बोल्टन टांकसाळीत काम पाहातच राहिला. १८०९ मध्ये तो वारला. त्याला हँड्सवर्थच्या देवळात पुरण्यात आले, व दहा वर्षांनी वॉटलाही त्याच देवळात जागा मिळाली.