भावाला शोधायला गेले ते परत आलेच नाहीत, बांगलादेशचा नरसंहार जगाला दाखवणारे जहीर रायहान

पडद्यावर एक मुलगी ढेकीवर भात कांडतेय. ढेकी म्हणजे पायाने दाबून भात कांडायचं लांबलचक लाकूड, बंगालच्या खेड्यापाड्यात ते असायचंच. एवढ्यात कुत्री भुंकायला लागतात, बुटांचे आवाज येतात, गोळ्या सुटतात.

१९७१ साली आलेल्या ‘स्टॉप जेनोसाइड’ या वीसेक मिनिटांच्या ब्लॅक अँड व्हाइट डॉक्युमेंट्रीची ही सुरुवात. बांगलादेश नावाचा देश अजून नकाशावर नीट उमटलाही नव्हता, तेव्हा त्याचा इतिहास फिल्मवर उतरवायचं काम एका माणसाने हातात घेतलं होतं. त्यांचं नाव जहीर रायहान.

गंमत म्हणजे हे काही डॉक्युमेंट्रीवाले नव्हते. ते होते ढाक्याच्या फिल्म इंडस्ट्रीतले चालणारे डायरेक्टर.

जन्म १९३५ चा, आताच्या फेनी जिल्ह्यातला. लहानपणी कुटुंब कलकत्त्यात होतं, फाळणीनंतर सगळे पूर्व पाकिस्तानात आले. थोरले भाऊ शहीदुल्ला कैसर पत्रकार आणि कादंबरीकार. जहीरही लिहायचे. त्यांची ‘हाजार बछर धरे’ ही खेड्यातल्या जगण्यावरची कादंबरी आजही बांगलादेशात वाचली जाते.

मग आला २१ फेब्रुवारी १९५२. उर्दू लादली जात होती, बंगालीला राजभाषेचा दर्जा पाहिजे म्हणून ढाक्याची पोरं रस्त्यावर उतरली. जमावबंदी मोडायला दहा-दहा जणांचे जत्थे निघाले, त्यातल्या पहिल्या जत्थ्यात जहीर होते असं सांगितलं जातं. त्यांना अटक झाली. त्याच दिवशी गोळीबारात पोरं गेली. हा दिवस जहीर यांच्या डोक्यातून शेवटपर्यंत गेला नाही.

पुढे ते सिनेमात आले. १९६४ मध्ये त्यांनी ‘संगम’ काढला, तो तेव्हाच्या पाकिस्तानातला पहिला पूर्ण रंगीत सिनेमा. म्हणजे धंद्याचं गणित त्यांना चांगलं कळत होतं.

पण खरा दणका दिला १९७० च्या ‘जीबन थेके नेया’ने. वरवर बघाल तर घरगुती ड्रामा. घरातली एक खाष्ट बहीण कमरेला चाव्यांचा जुडगा लावून सगळ्यांवर हुकूम चालवते, नवरा बिचारा चोरून गाणं म्हणतो. थिएटरातल्या पब्लिकला मात्र बरोबर कळलं की ही बहीण म्हणजे इस्लामाबादची लष्करी राजवट. सरकारलाही कळलं, म्हणून सिनेमा अडवायचा प्रयत्न झाला. लोक भडकले, सिनेमा चालला. यात जहीर यांनी २१ फेब्रुवारीच्या अनवाणी प्रभातफेरीचं खरं शूटिंग घातलं होतं आणि रवींद्रनाथांचं ते गाणंही, जे पुढे बांगलादेशचं राष्ट्रगीत झालं. डॉक्युमेंट्री इथेच सुरू झाली म्हणा ना.

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कर ढाक्यावर तुटून पडलं. जहीर सीमा ओलांडून कलकत्त्यात पोचले. ‘जीबन थेके नेया’ तिथेही लागला. स्वतःचे खायचे वांदे असताना त्याची कमाई त्यांनी मुक्तिसंग्रामाला देऊन टाकली असं सांगतात.

भारतात तोवर निर्वासितांचे लोंढे येत होते, पुढे हा आकडा एक कोटीच्या घरात गेला. जहीर कॅमेरा घेऊन छावण्यांमध्ये फिरले. चिखलातून काठी टेकत येणारी म्हातारी माणसं, अत्याचार झाल्यावर शब्दच हरवलेली मुलगी, पोटं सुटलेली लेकरं. सोबत व्हिएतनामच्या बातम्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची आठवण. निवेदन मुद्दाम इंग्रजीत ठेवलं, आवाज आलमगीर कबीर यांचा. कारण ही फिल्म ढाक्यासाठी नव्हतीच, ती जगाला जाब विचारायला केली होती.

आणि इथेच वाद झाला. फिल्मची सुरुवात लेनिनच्या विचाराने होते, शेख मुजीब मात्र कुठेच दिसत नाहीत. हंगामी सरकारच्या बाजूच्या काही मंडळींना हे झोंबलं, फिल्म दाखवू नये म्हणून खटपटीही झाल्या. नव्या देशाच्या पहिल्या चित्रात नेता नको का? जहीर यांचं उत्तर फिल्ममध्येच आहे. त्यात फक्त मरणारी, पळणारी आणि लढणारी साधी माणसं आहेत. मला विचाराल तर फिल्म आजही टिकून आहे ती त्यामुळेच. तेव्हाची पुढाऱ्यांची भाषणं आज कुणाला आठवतात?

त्याच युद्धावर आपल्याकडून सुखदेव यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘नाइन मंथ्स टू फ्रीडम’ केली. ती १९७२ ची, म्हणजे निकाल लागल्यानंतरची. जहीर यांच्या फिल्मला शेवट माहीतच नव्हता.

१६ डिसेंबरला पाकिस्तानने शरणागती पत्करली. त्याच्या दोनच दिवस आधी, १४ डिसेंबरला, अल-बद्रच्या लोकांनी शहीदुल्ला कैसर यांना घरातून उचलून नेलं होतं. त्या दिवसांत ढाक्यातले प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार असेच वेचून मारले गेले. जहीर परतले ते थेट भावाच्या शोधाला लागले. या हत्यांच्या तपासासाठी त्यांनी समितीही उभी केली. आपल्याकडे पुरावे आहेत असं ते उघड बोलत होते म्हणतात.

३० जानेवारी १९७२. भाऊ मिरपूरमध्ये आहे असा निरोप आला. ढाक्याचा हा भाग तेव्हाही शस्त्रधारी बिहारी आणि लपलेल्या पाकिस्तानी सैनिकांच्या ताब्यात होता. त्या दिवशी तिथे शिरलेल्या बांगलादेशी सैनिक-पोलिसांवर तुफान गोळीबार झाला. जहीर त्यांच्यासोबत गेले होते. विजयाला ४५ दिवस झाले होते. वय ३६.

मृतदेह मिळाला नाही, त्यामुळे अफवांना ऊत आला. त्यांना आपल्याच माणसांनी संपवलं, असंही कुणी म्हणायला लागलं. १९७५ मध्ये मुजीब यांची हत्या झाली, लष्करी राजवटी आल्या आणि सरकारी टीव्हीवर पाकिस्तानी लष्कराचं नाव घेणंही टाळलं जाऊ लागलं, नुसतं आक्रमक फौज म्हणायचं. मुक्तिसंग्राम बघितलेली पिढी जिवंत असताना ही गत.

त्यानंतर १९९५ मध्ये तारेक आणि कॅथरीन मसूद यांचा ‘मुक्तिर गान’ आला. १९७१ मध्ये अमेरिकन फिल्ममेकर लिअर लेव्हिन यांनी केलेलं तासन्‌तासांचं शूटिंग न्यूयॉर्कमध्ये तसंच पडून होतं, त्यातून तो उभा राहिला.

१९९९ मध्ये मिरपूरमध्ये सामूहिक कबर सापडली. जहीर यांच्या मुलाने माग काढला, तेव्हा त्या दिवशी तिथे असलेल्या एका सैनिकाने सांगितलं की सैनिकांबरोबर आलेला साध्या कपड्यांतला एकच माणूस गोळी लागून पडताना त्याने पाहिला होता.