फादर थॉमस स्टीफन्स : चरित्र आणि ग्रंथकार्य

इ. स. १६१६ मध्ये गोव्यातील साष्टी प्रांतात, रायतूर म्हणजे आजच्या राशोल येथे, एक मराठी ओवीबद्ध ग्रंथ छापला गेला. ग्रंथकर्ता जन्माने इंग्रज होता आणि धर्माने कॅथलिक. ग्रंथाची लिपी रोमन होती, पण छंद ज्ञानेश्वर-एकनाथांचा. हा ग्रंथ म्हणजे 'ख्रिस्तपुराण' आणि त्याचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स. (येथील साष्टी म्हणजे मडगावच्या परिसरातील प्रांत; मुंबईजवळच्या साष्टी बेटाशी त्याची गल्लत करू नये.) आपल्या वाङ्मयेतिहासांत स्टीफन्स यांचे नाव बहुधा मराठीची थोरवी गाणारा परदेशी कवी एवढ्यापुरतेच येते. ते खरे असले तरी अपुरे आहे. स्टीफन्स हे एका शिस्तबद्ध धर्मसंघाचे आज्ञाधारक सदस्य होते. त्यांचे मराठीप्रेम समजून घ्यायचे तर तो संघ आणि त्या काळचा गोवाही समजून घ्यावा लागतो.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. ते तरुण झाले तेव्हा राणी एलिझाबेथच्या राज्यात उघडपणे कॅथलिक राहणे धोक्याचे झाले होते. थॉमस पाउंड या कॅथलिक मित्रासह रोमला जाऊन येशू संघात प्रवेश करावा, असा त्यांचा बेत होता. पाउंड पकडले गेले आणि स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले. तेथे ऑक्टोबर १५७५ मध्ये त्यांनी संघप्रवेश केला.

कॅथलिक धर्मात अनेक संन्यस्त संघ आहेत. फ्रान्सिस्कन आणि डोमिनिकन हे तेराव्या शतकातले. येशू संघ त्या मानाने नवा. इग्नेशियस लोयोला यांनी स्थापन केलेल्या या संघाला १५४० मध्ये पोपची मान्यता मिळाली आणि दोनच वर्षांनी फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही व्रते इतर संघांप्रमाणेच येथेही होती. मात्र मठात बंद न राहता जगभर जावे, शाळा-महाविद्यालये चालवावीत आणि जेथे जाऊ तेथील भाषा शिकावी, यावर या संघाचा विशेष भर होता. लोयोलांच्या साधनापद्धतीतील एक गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ख्रिस्तचरित्रातील प्रसंग, त्याचे स्थळ, माणसे आणि त्यांचे बोलणे साधकाने डोळ्यांपुढे उभे करून ध्यान करावे, असे ती पद्धती सांगते. पुराणकथेचा निरूपणकारही श्रोत्यांसाठी दुसरे काय करतो? ख्रिस्तपुराणातील सविस्तर प्रसंगवर्णनांमागे ही दोन्ही वळणे एकत्र आली असावीत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघालेले स्टीफन्स ऑक्टोबरमध्ये गोव्यास पोहोचले. प्रवासाचे वर्णन करणारे त्यांचे वडिलांना लिहिलेले पत्र पुढे रिचर्ड हॅक्लुट यांच्या प्रवाससंग्रहात छापले गेले. काही वर्षांनी राल्फ फिच व त्यांचे सोबती हे इंग्रज व्यापारी गोव्यात कैदेत पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी स्टीफन्स यांनी खटपट केली. धर्मामुळे मायदेश सोडावा लागलेल्या माणसाने प्रॉटेस्टंट देशबांधवांसाठी केलेली ही धडपड त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकते.

गोव्यात दीक्षा घेऊन ते धर्मगुरू झाले आणि साष्टीत गेले. तेथील परिस्थिती निवळ नव्हती. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय स्थापन झाले होते. देवळे पाडली गेली होती आणि हिंदू धर्मग्रंथ बाळगण्यावर बंदी होती. गंमत अशी की, घराघरांतून हिरावलेल्या पोथ्यांचा अभ्यासही पाद्रीच करीत होते. त्यांनी रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या रामायण-महाभारतातील कथांची कोकणी-मराठी हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आजही आहेत. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांनी येशू संघाच्या पाच जणांना आणि त्यांच्या काही सोबत्यांना ठार मारले. त्याचा सूड म्हणून पोर्तुगीजांनी गावप्रमुखांना असोळणे येथील किल्ल्यात बोलावून ठार केले. स्टीफन्स यांचे कार्यक्षेत्र तेच होते.

याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्टीफन्स यांनी पॅरिसमधील भावाला पत्र लिहिले. त्यात कुंकळ्ळीची हकीकत आहे आणि एक भाषिक निरीक्षणही आहे. येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती आहे, असे ते नोंदवतात. विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्याविषयी आपले प्रसिद्ध मत १७८६ मध्ये मांडले. स्टीफन्स यांची नोंद त्याच्या दोनशे वर्षे आधीची आहे, पण ती विसाव्या शतकापर्यंत अप्रकाशितच राहिली.

ख्रिस्तपुराणाची निर्मिती या पार्श्वभूमीवर पाहावी. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांकडून जुन्या पोथ्या काढून घेतल्या होत्या, पण पोथी ऐकण्याची सवय कशी काढून घेणार? ग्रंथाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण ही उणीव बोलून दाखवतो, आणि पुढचे सर्व निरूपण हे तिचे उत्तर आहे. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ 'अवस्वरू' म्हणजे अध्याय आहेत. ओव्या सुमारे अकरा हजार. पहिल्यात जगाच्या निर्मितीपासून ख्रिस्ताच्या आगमनाच्या प्रतीक्षेपर्यंतचा भाग येतो, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. देवबापाला केलेल्या नमनाने ग्रंथाचा आरंभ होतो. ते नमन मराठी ग्रंथपरंपरेच्या घाटाचे आहे, त्यातील देव मात्र बायबलचा.

शब्दांची निवड फार बोलकी आहे. स्वर्गासाठी 'वैकुंठ' चालते. पण पवित्र आत्म्यासाठी 'स्पिरितु सांत' तसाच ठेवला जातो. जेथे अर्थ निसटण्याची भीती, तेथे परका शब्द. जेथे भाव पोहोचवायचा, तेथे आपला. मराठीची थोरवी सांगताना मात्र रत्न, मोगरा, कस्तुरी, मोर, कल्पतरू अशा येथल्याच उपमा त्यांना सुचतात. ग्रंथाची भाषा मराठी असली, तरी श्रोत्यांना समजावे म्हणून त्यांनी तीत कोकणी शब्द जाणीवपूर्वक मिसळले. मुळशी तालुक्यातील कोळवणसारख्या गावात हे पुस्तक वाचणारा विद्यार्थी त्या रूपांपाशी प्रथम अडखळेल. ओव्या मोठ्याने वाचाव्यात. पुष्कळशी अडचण आपोआप दूर होते.

मराठी ग्रंथ रोमन लिपीत का, याचे उत्तर स्टीफन्स यांच्या १६०८ मधील पत्रात सापडते. देशी लिपीत छापण्याची आपली जुनी इच्छा ते संघप्रमुखांना कळवतात. अडचण अशी की, रोमन लिपीला चोवीस साचे पुरत, तर अक्षरागणिक वेगळा खिळा लागणाऱ्या या लिपीला सुमारे सहाशे. ते खिळे कधीच पाडले गेले नाहीत. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला असूनही मराठी मुद्रणाला स्वतःच्या लिपीसाठी फार थांबावे लागले.

त्यांच्या इतर दोन ग्रंथांचा येथे केवळ निर्देश करू. कोकणीतील प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ मध्ये आणि कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये रायतूर येथे प्रसिद्ध झाले. व्याकरणात दियोगो रिबैरो प्रभृतींनी भर घातली होती. ते भारतीय भाषेचे पहिले छापील व्याकरण मानले जाते. दोन्ही पाहण्यास स्टीफन्स नव्हते. चाळीस वर्षे गोव्यात काढून १६१९ मध्ये ते तेथेच निवर्तले.

ख्रिस्तपुराण १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. पुढे वारे फिरले. १६८४ च्या सरकारी हुकमाने देशी भाषेच्या वापरावरच बंदी आली. ज्या भाषेसाठी स्टीफन्स यांनी आयुष्य वेचले, ती राज्यकर्त्यांना अडसर वाटू लागली. तिन्ही मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने उतरवलेल्या प्रतींमुळे. अशा प्रतींवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथून रोमन लिपीतील आवृत्ती काढली. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली. २००९ मध्ये नेल्सन फलकाव यांनी गद्य मराठी रूपांतरासह संहिता दिली. फलकाव सालेशियन संघाचे, म्हणजे एका संघाच्या धर्मगुरूचे काम दुसऱ्या संघातील अभ्यासकाने पुढे नेले.

एक प्रश्न मात्र खुला आहे. लंडनमधील मार्सडेन संग्रहात ख्रिस्तपुराणाची देवनागरी हस्तलिखित प्रत आहे. जस्टिन ॲबट यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात तिच्याकडे लक्ष वेधले. रोमन प्रतींत जेथे पोर्तुगीज वा लॅटिन शब्द आहेत, तेथे या प्रतीत अनेकदा संस्कृत वळणाचे शब्द आढळतात. स्टीफन्स यांनी मुळात असेच लिहिले आणि छापताना ते बदलले गेले, की नंतरच्या कोणा मराठी जाणकाराने ग्रंथाला हे रूप दिले? पहिला पर्याय खरा असेल, तर शब्दनिवडीविषयी वर केलेले विवेचन स्टीफन्स यांच्यापेक्षा त्यांच्या ग्रंथाला छपाईची अनुमती देणाऱ्या वरिष्ठांना अधिक लागू पडेल.